छायाचित्रावरून विंचू व प्रार्थनाकीटकांची ओळख

छायाचित्रावरून विंचू व प्रार्थनाकीटकांची ओळख म्हणजे प्राणी न पकडता, केवळ त्याच्या चित्रात दिसणाऱ्या लक्षणांवरून त्याचे कुळ, जातकुळी आणि शक्य असल्यास जाती ठरवणे. विंचू हा अष्टपाद संधिपाद प्राणी असून तो कोळ्यांचा नातलग आहे, तर प्रार्थनाकीटक हा सहा पायांचा कीटक असून तो झुरळे व वाळवी यांना जवळचा आहे. वर्गीकरणात दूर असलेले हे दोन प्राणी घराच्या आसपास आढळले, की त्यांची छायाचित्रे काढून 'हा कोणता?' असे विचारण्याचे प्रमाण मोठे आहे. दोघांच्या बाबतीत अडचणही सारखीच येते. तज्ज्ञ ज्या लक्षणांवरून जाती ठरवतात, त्यांतील बरीचशी शरीराच्या खालच्या बाजूस, पायांच्या आतल्या कडेला किंवा सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. त्यामुळे चांगल्या छायाचित्रावरूनही बहुधा जातकुळीपर्यंतच खात्रीने पोहोचता येते. प्रार्थनाकीटकाच्या बाबतीत चूक झाल्यास नोंद चुकते; विंचवाच्या बाबतीत ती एखाद्या मुलाच्या जिवावर बेतू शकते.

नावांतील गोंधळ

मराठीत प्रार्थनाकीटकाला 'खंडोबाचा किडा' असेही म्हणतात. हिरवा रंग आणि लांबट शरीर यांमुळे त्याला सर्रास नाकतोडा समजले जाते. प्रत्यक्षात नाकतोड्याचे मागचे पाय उडी मारण्यासाठी जाड झालेले असतात, तर प्रार्थनाकीटकाचे पुढचे पाय शिकार पकडण्यासाठी काटेरी व दुमडणारे असतात. असेच पुढचे पाय असलेला आणखी एक कीटक म्हणजे मँटिस्पिड. तो जाळीदार पंखांच्या कीटकांच्या गणातील असून त्याचे पारदर्शक पंख विसाव्याच्या वेळी शरीरावर छपरासारखे उतरते असतात. पंख नीट दिसणारे एक छायाचित्र असले, तर हा घोटाळा टळतो.

विंचवांच्या बाबतीत 'इंगळी' हा शब्द मोठ्या काळ्या विंचवासाठी वापरला जातो. लोकसमजुतीत इंगळी अधिक भयंकर मानली जाते. वैद्यकीय अनुभव मात्र उलटा आहे. पाणविंचू हा विंचू नसून पाण्यातील ढेकूणवर्गीय कीटक आहे आणि त्याची 'नांगी' ही श्वासनलिका असते. चाबूकविंचू व आभासी विंचू यांना विषारी नांगी नसते. शेपटीच्या टोकाला फुगीर विषग्रंथी व वळलेला काटा दिसत नसेल, तर तो खरा विंचू नव्हे. छायाचित्र पाहताना पहिली तपासणी हीच करावी लागते.

विंचवाच्या छायाचित्रात दिसणारी लक्षणे

जगात विंचवांच्या अडीच हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. महाराष्ट्रात घराजवळ दिसणारे बहुतेक विंचू दोन कुळांतील असतात: ब्युथिडी आणि स्कॉर्पिओनिडी. ब्युथिडी कुळातील विंचवांचे चिमटे सहसा सडपातळ व शेपटी तुलनेने जाड असते. स्कॉर्पिओनिडी कुळात चिमटे रुंद, खेकड्यासारखे आणि शेपटी बारीक असते. 'चिमटे बारीक तर विष जहाल' हा प्रचलित नियम याच फरकावर आधारलेला आहे. तो प्राथमिक चाळणीसाठी उपयोगी असला तरी निरपवाद नाही. आयसोमेट्रस मॅक्युलॅटस हा जहाजांतील मालाबरोबर जगभर पसरलेला ठिपकेदार विंचू ब्युथिडी कुळातीलच आहे. त्याचे चिमटे अत्यंत बारीक असतात, पण त्याचा दंश लाल विंचवाच्या दंशाइतका गंभीर नसतो.

ब्युथिडी कुळातील जातकुळ्या वेगळ्या करण्यास बाजूने काढलेले शेपटीचे चित्र सर्वांत उपयुक्त ठरते. आयसोमेट्रस व लायकस या जातकुळ्यांत नांगीच्या काट्याखाली आणखी एक लहान टोकदार उंचवटा असतो. हॉटेन्टोटा या जातकुळीत, म्हणजे लाल विंचवात, तो नसतो. वरून काढलेल्या चित्रात हे लक्षण कधीच दिसत नाही, आणि दुर्दैवाने बहुतेक छायाचित्रे वरूनच काढलेली असतात. वरून दिसणाऱ्या लक्षणांपैकी पाठीच्या खंडांवरील उभ्या, दाणेदार कडा महत्त्वाच्या आहेत. हॉटेन्टोटामध्ये अशा तीन कडा स्पष्ट दिसतात. त्या टिपण्यासाठी प्रकाश तिरका हवा. समोरून पडणाऱ्या तीव्र प्रकाशात कडा सपाट होऊन जातात.

छायाचित्रात न दिसणाऱ्या लक्षणांची यादी याहून मोठी आहे. पोटाखाली कंगव्यासारखे दोन अवयव (कंकते) असतात आणि त्यांच्या दातांची संख्या जातीनुसार, तसेच नर-मादीनुसार बदलते. छातीच्या खालच्या पट्टीचा आकार ब्युथिडी कुळात बहुधा त्रिकोणी व स्कॉर्पिओनिडी कुळात पंचकोनी असतो. चिमट्यांवरील संवेदी केसांची मांडणी तर सूक्ष्मदर्शकाखालीच मोजता येते. प्रशिक्षित संशोधक विंचू काचेच्या भांड्यात ठेवून खालून चित्र घेतात. घरी हा प्रयोग करण्यासारखा नाही.

रंगावर विसंबणे हे चुकीच्या ओळखीचे सर्वांत मोठे कारण होय. लाल विंचू नावाप्रमाणे नेहमी लाल नसतो. तो पिवळसर, नारिंगी, तांबूस ते गडद तपकिरी अशा अनेक छटांत आढळतो. पिल्ले फिकट असतात आणि नुकतीच कात टाकलेला विंचूही फिकट दिसतो. रस्त्यावरील पिवळ्या दिव्याखाली तपकिरी विंचू लाल दिसतो, तर मोबाइलच्या प्रखर प्रकाशात लाल विंचू पांढुरका होतो. अतिनील प्रकाशात विंचू हिरवट-निळा चमकतो, कारण त्याच्या कवचात तसा प्रकाश परत फेकणारी द्रव्ये असतात. अंधारात विंचू शोधण्यास हा उपाय उत्तम आहे. मात्र त्या प्रकाशात काढलेल्या चित्रात मूळ रंग पूर्णपणे नाहीसा होतो. अशी चित्रे आकर्षक असली तरी ओळखीसाठी सोबत साध्या प्रकाशातील चित्र लागते.

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण बिऱ्हाडासह फिरणाऱ्या माणसाबद्दल असली तरी तिचे मूळ निरीक्षण अचूक आहे. विंचवाची मादी पिल्लांना जन्म देते आणि पहिली कात टाकेपर्यंत ती पांढुरकी पिल्ले आईच्या पाठीवर राहतात. पिल्ले आईला पोखरून खातात, ही समजूत मात्र खरी नाही. अशा चित्रात ओळख आईवरून करावी लागते, आणि नेमक्या तिच्या पाठीवरच्या कडा पिल्लांमुळे झाकल्या जातात.

लाल विंचू आणि काळे विंचू

लाल विंचू, अर्थात हॉटेन्टोटा टॅम्युलस, ही जाती फॅब्रिशियस यांनी 1798 मध्ये वर्णिली. तिचे स्थान त्यानंतर अनेकदा बदलले. ब्युथस, ब्युथोटस व मेसोब्युथस या जातकुळ्यांत ती वेळोवेळी गणली गेली; 2007 मध्ये कोवारिक यांच्या पुनर्विलोकनानंतर ती हॉटेन्टोटामध्ये आली. वैद्यकीय लेखनात 'मेसोब्युथस टॅम्युलस' हे नाव अजूनही वाचायला मिळते. तो वेगळा विंचू नव्हे. पोकॉक यांनी 1900 मध्ये रंग व ठेवणीतील फरकांवरून या जातीचे काही उपप्रकार मांडले होते, त्यांतील एकाला त्यांनी कोकणावरून 'कॉन्केनेन्सिस' हे नाव दिले. लाल विंचवाचा रंग प्रदेशागणिक बदलतो हे यावरून सव्वाशे वर्षांपूर्वीच लक्षात आले होते.

हॉटेन्टोटा पॅकीयुरस ही याच जातकुळीतील दुसरी जाती महाराष्ट्रात आढळते. नावाचा अर्थ 'जाड शेपटीचा' असा आहे. एकट्या छायाचित्रावरून या दोन जाती वेगळ्या करण्याचा हट्ट धरू नये. 'हॉटेन्टोटा, जाती अनिश्चित' अशी नोंद पुरेशी आणि प्रामाणिक ठरते.

मोठे काळे विंचू पूर्वी सरसकट हेटेरोमेट्रस या जातकुळीत घातले जात. 2020 मध्ये प्रेंडिनी व लोरिया यांनी या गटाची फेरमांडणी करून त्याच्या अनेक जातकुळ्या केल्या. दख्खन व परिसरातील काही जाती आता डेक्कनोमेट्रस या जातकुळीत गणल्या जातात. महाराष्ट्रात आढळणारे डेक्कनोमेट्रस झँथोपस व डेक्कनोमेट्रस फिप्सोनी हे त्यांतलेच. झँथोपस म्हणजे 'पिवळ्या पायांचा'. गडद शरीर व फिकट पाय ही जोडी चित्रात ठळक दिसते, पण तेवढ्यावरून जाती पक्की होत नाही. जुन्या पुस्तकांतील व संकेतस्थळांवरील बहुतेक चित्रांखाली अद्याप हेटेरोमेट्रस हेच नाव आहे, त्यामुळे चित्राशी चित्र जुळवणाऱ्याला एकाच विंचवाची दोन नावे मिळतात.

दंश आणि छायाचित्र

सर्व विंचू विषारी असतात. फरक असतो तो विषाच्या परिणामात. लाल विंचवाच्या विषामुळे स्वायत्त चेतासंस्था अनियंत्रितपणे उद्दीपित होते. भरपूर घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही सुरुवातीची लक्षणे असून पुढे हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी साचू शकते. लहान मुलांना धोका अधिक असतो. रायगड जिल्ह्यातील महाड येथे काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या लक्षणांचा क्रम नोंदवला; त्यांचा लेख 1982 मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर त्यांनी प्राझोसिन या औषधाचा वापर रूढ केला आणि कोकणातील विंचूदंशाने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. प्राझोसिनसोबत लाल विंचवावरील प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, असे निष्कर्ष असलेला त्यांचा अभ्यास 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली.

उपचार लक्षणांवरून ठरतात, विंचवाच्या नावावरून नव्हे. त्यामुळे ओळख पटेपर्यंत थांबण्यास काहीच आधार नाही. विंचू शोधण्यात, मारण्यात किंवा त्याचे चित्र काढून उत्तराची वाट पाहण्यात गेलेला वेळ रुग्णाच्या वाट्यातून जातो. दंश झालेला भाग कापणे, घट्ट बांधणे किंवा चोखणे हेही अपायकारक आहे. विंचू समोरच असेल आणि सुरक्षित अंतरावरून क्षणात चित्र घेता आले, तर ते डॉक्टरांना दाखवण्यास हरकत नाही, एवढेच त्याचे स्थान. चित्र पाहून 'हा साधा आहे, काही होत नाही' असे दूरवरून सांगणारा कितीही जाणकार असला, तरी ते उत्तर धोक्याचे आहे. लाल विंचवाचे पिल्लू फिकट आणि लहान असल्याने 'साधे' वाटते, आणि गंभीर लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात.

प्रार्थनाकीटकांची ओळख

प्रार्थनाकीटकाला विष नसते. पकडल्यास तो पुढच्या पायांनी चिमटा काढू शकतो, त्यापलीकडे माणसाला त्याच्यापासून धोका नाही. जगात त्यांच्या सुमारे अडीच हजार जाती आहेत. भारतातील जातींचा आढावा मुखर्जी, हजरा आणि पुण्याचे हेमंत घाटे यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातील अभ्यासकांना तो आजही लागतो. श्वार्झ व रॉय यांनी 2019 मध्ये या गणातील कुळांची नव्याने मांडणी केल्याने जुन्या ग्रंथांतील कुळांची नावे मात्र आता जुळत नाहीत.

सर्वाधिक चुका हिरव्या, मोठ्या कीटकांच्या बाबतीत होतात. हिरवा प्रार्थनाकीटक दिसताच 'मँटिस रिलिजिओसा' हे नाव दिले जाते, कारण तेच नाव सर्वांना पाठ असते. या जातीत पुढच्या पायाच्या पहिल्या लांब भागाच्या (कक्षांगाच्या) आतल्या बाजूस, बुडाशी, काळा ठिपका असतो. पुष्कळदा त्याच्या मध्यभागी पांढरा डाग असतो. हायरोड्युला या जातकुळीतील कीटक अधिक धिप्पाड असून त्यांच्या पुढच्या पंखावर फिकट पांढरा ठिपका दिसतो. हायरोड्युलातील जाती ओळखण्यासाठी कक्षांगाच्या कडेवरील दातांची संख्या व आकार पाहावा लागतो. स्टॅटिलिया मॅक्युलाटा हा सडपातळ, बहुधा तपकिरी कीटक असून त्याच्या पुढच्या पायांच्या आतल्या बाजूस काळ्या-पांढऱ्या खुणा असतात. या तिन्ही ठिकाणी निर्णायक खूण पायाच्या आतल्या बाजूलाच आहे. कीटक प्रार्थनेच्या पवित्र्यात पाय मिटून बसला असता ती दिसत नाही. तो घाबरून पाय पसरतो किंवा पाय स्वच्छ करतो, तेव्हा दिसते. त्यासाठी कीटकाला डिवचण्यापेक्षा थोडी वाट पाहणे बरे.

काही जातकुळ्या मात्र एका दृष्टिक्षेपात ओळखता येतात. गाँजिलस गाँजिलोडिस याचे अग्रवक्ष काडीसारखे लांब असून वर हिऱ्याच्या आकारात रुंदावते, आणि पायांवर पानासारख्या झालरी असतात. नराच्या शृंगिका कंगव्यासारख्या असतात. शायझोसेफाला बायकॉर्निस हा गवताच्या काडीसारखा असून त्याचे डोळे टोकदार असतात. क्रिओब्रोटर या फुलकीटकाच्या प्रौढाच्या पंखावर डोळ्यासारखा ठिपका असतो. हंबर्टिएला चपटा, सालीच्या रंगाचा असून झाडाच्या खोडावर भरभर पळतो. दबा धरून बसणाऱ्या प्रार्थनाकीटकाच्या रूढ प्रतिमेत तो बसत नाही, आणि म्हणून पुष्कळांच्या नजरेतून सुटतो.

हिरवा की तपकिरी, हा प्रश्न ओळखीत जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण एकाच जातीत दोन्ही रंग आढळतात. डोळ्यांचा रंगही फसवा असतो. दिवसा हिरवट असलेले डोळे रात्री काळे होतात. डोळ्यांत जो काळा ठिपका पाहणाऱ्याकडे वळल्यासारखा वाटतो, तोही प्रकाशाचा परिणाम आहे, बाहुली नव्हे. पूर्ण पंख नसलेला कीटक बहुधा पिल्लू असते, आणि पिल्लावरून जाती ठरवणे सहसा शक्य नसते. काही जातींची पिल्ले पहिल्या अवस्थेत काळी व मुंगीसारखी दिसतात. नर-मादी ओळखणे मात्र सोपे आहे: उदराच्या खालच्या बाजूस नरात आठ व मादीत सहा खंड दिसतात.

कोपरखैरणे परिसर

नवी मुंबईतील कोपरखैरणे हा सिडकोने विकसित केलेला विभाग वाशी व घणसोली यांच्या दरम्यान, ठाणे खाडीच्या पूर्व काठावर आहे. पश्चिमेस खारफुटी व खाडी, पूर्वेस ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक क्षेत्र आणि त्यापलीकडे पारसिकचे डोंगर, मधोमध बैठी घरे, इमारती आणि जुनी गावठाणे, अशी त्याची रचना आहे. जुन्या कचराभूमीच्या जागेवर उभे राहिलेले निसर्ग उद्यान याच विभागात आहे. भरतीचे पाणी पोहोचणारी दलदल विंचवांना सोयीची नसते. दगडांच्या सांदी, डोंगरउतार, विटांचे ढीग आणि पडीक भिंती त्यांना मानवतात. प्रार्थनाकीटक झुडपे, गवत व कुंड्यांतील झाडे यांवर आढळतात. पंख असलेले नर रात्री दिव्यांकडे आकर्षित होतात, म्हणून उंच मजल्याच्या सज्ज्यातही ते सापडतात.

अशा शहरी विभागात ठिकाणाचा अर्थ जपून लावावा लागतो. रेती, विटा व लाकूड यांच्याबरोबर विंचू, आणि रोपवाटिकेतील रोपांबरोबर प्रार्थनाकीटकांची फेसकट अंडपेटी दूरवरून येऊ शकते. एका घरात एक विंचू सापडला म्हणजे ती जाती त्या परिसरात वसली आहे असे ठरत नाही. उलट, 'येथे लाल विंचू नसतो' असे गृहीत धरूनही ओळख करू नये.

आकार समजण्यासाठी घरातील फरशीचा उपयोग होतो. विंचू फरशीवर असताना काढलेल्या चित्रात दोन सांधे दिसत असतील, तर तो गेल्यावर फरशी मोजून त्याची लांबी काढता येते. शेजारी नाणे ठेवण्याची पद्धत कीटकांसाठी ठीक आहे. विंचवासाठी ती वापरू नये.

नोंदी, सूचना आणि नमुने

आयनॅचरलिस्ट, इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल यांसारख्या संकेतस्थळांवर छायाचित्रे दिनांक व ठिकाणासह नोंदवता येतात. आयनॅचरलिस्टवर ओळख देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचे एकमत झाले, की नोंदीला 'संशोधन-दर्जा' मिळतो. दोन जणांनी एकच चूक केली तरीही तो मिळू शकतो. संगणकाने सुचवलेले नाव हे चित्रांच्या साम्यावर आधारलेले असते. काट्याखालचा उंचवटा चित्रात नसेल, तर संगणकालाही तो दिसत नाही. घरातील नोंदीत अचूक पत्ता उघड न करता विभागापुरते ठिकाण देण्याची सोय या संकेतस्थळांवर असते.

मुंबई परिसरात या प्राण्यांचा अभ्यास नमुन्यांवरून सुरू झाला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 मध्ये स्थापन झाली. तिचे मानद सचिव हर्बर्ट फिप्सन हे व्यवसायाने मद्यविक्रेते होते. फिप्सोनी हे वर उल्लेखिलेले नाव लंडनमधील पोकॉक यांनी त्यांच्या सन्मानार्थ दिले. पोकॉक यांचा ब्रिटिश भारतातील अष्टपादांवरील ग्रंथ 1900 मध्ये, तर टिकादर व बस्तावडे यांचा भारतीय विंचवांवरील ग्रंथ 1983 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरही शहराच्या आत नवी जाती सापडली. ठाणे खाडीच्या पलीकडे, मुंबईतील आरे दुग्ध वसाहतीत आढळलेल्या लायकस आरेयेन्सिस या विंचवाचे वर्णन मिर्झा व सानप यांनी 2010 मध्ये केले. अशा नव्या जातीचे वर्णन करताना नमुना हाताशी ठेवून कंकतांचे दात मोजावे लागतात आणि केसांची मांडणी रेखाटावी लागते. वर्णनानंतर तो नमुना संग्रहालयात जपला जातो, म्हणजे पुढे शंका आल्यास दुसऱ्या संशोधकाला तो पुन्हा तपासता येतो.